कानाची कड

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
शेतिकाँच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर.
सात आरसे होते मला.
आता एकच हवा होता, सायकलीपुरता,
कारण डावा कान गेल्यापासून
मागची गाडी येत नाही माझ्याकडे.
ती एकदम असते.

लेओंसनं काउंटरवर तीन मांडले.
एक हँडलच्या टोकाला बसणारा:
त्यात माझा गुडघा, वर-खाली, वर-खाली.
गुडघ्याची खबर मला आरशाशिवायही असते.
दुसरा चष्म्याच्या काडीला अडकवायचा.
काडी वाकली, चष्मा नाकावर तिरका झाला,
लेओंस हसू दाबत म्हणाला,
"ओदील, हुबेहूब माझी आत्या."
तिसरा हेल्मेटचा. तारेच्या दांडीवर
पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठी काच.
"काच नाही, प्लास्टिक. पडलीस तर डोळ्यात जायला नको."
साठीनंतर लोक आपल्या पडण्याबद्दल
किती सहज बोलू लागतात.
चौदा डॉलर. घेतला.

पाकिटावर लिहिलेलं: जागा स्पिरिटनं पुसा,
तीस सेकंद दाबून धरा, रात्रभर हात लावू नका.
मी तीस मोजले,
बसमध्ये पोरं मोजायचे तसे, मोठ्यानं.
सकाळी आरसा स्वयंपाकघरात जमिनीवर.
मे महिना इथे नावालाच;
गोंदालाही ऊब लागते.
मग हेल्मेट स्टोव्हजवळ ठेवलं,
पावाच्या कणकेसारखं फडक्यानं झाकून,
पुन्हा चिकटवला, पुन्हा तीस,
आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळली.
गोंदावर विश्वास आहे. तरी पट्टी असलेली बरी.

जुळवायला मात्र आख्खी दुपार.
आधी नुसता कान दिसला.
माझाच, डावा, न ऐकणारा,
पाळीवर बाळीचं बुजलेलं भोक.
कितीतरी वर्षांनी भेटलो.
दांडी बाहेर ढकलली: नुसतं आभाळ.
खाली: खांदा.
जरा आत: समुद्र, थरथरत.
शेवटी कानाची एक कड राहू दिली चौकटीत,
नखाएवढी.
बसच्या आरशातही बसचं अंग थोडं दिसावं लागतं,
नाहीतर दिसतं ते नेमकं कुठे, कळत नाही.
नव्या ड्रायव्हरांना हे मीच शिकवायचे.

मंगळवारी सुएत पडला.
हा आग्नेयेचा वारा सुटला की
छपरंसुद्धा जागा सोडतात,
मग मी आणि सायकल कोण.
त्या दिवशी तो नव्हता म्हणून निघाले.

चढावर, कानाच्या कडेशी, एक पांढरा ठिपका.
वाढला. ट्रक झाला, खेकड्यांचा.
कपाळावर उलटी अक्षरं;
उलटी मला सुलट्यांहून लवकर लागतात.
प्वारिए.
म्हणजे रेझाँ, शेवटच्या बाकावरचा.
अकरा वर्षं त्याला आरशातच पाहिला:
खिडकीला टेकलेलं कपाळ, वाफेवर बोटानं काढलेली होडी,
उतरताना मान खाली.
समोरून चेहरा आठवत नाही.

हॉर्न दिला नाही त्यानं.
मागे मागे राहिला, माझ्याच गतीनं,
चढ संपेपर्यंत, पुढे वळण संपेपर्यंत,
एवढा मोठा ट्रक, पोर रांगेत उभं असावं तसा.
मी पांढऱ्या रेघेवर, सरळ,
आणि पहिल्यांदाच
आपल्या मागे कोण आहे हे माहीत असून
मला त्याला खाली बस म्हणायचं नव्हतं.

मग पलीकडची अख्खी लेन घेऊन तो गेला.
खेकड्यांचा वास बराच वेळ मागे राहिला.
तो आरशात दिसत नाही.

रात्री पाव कापताना
डोळा आपोआप डावीकडे वर गेला.
तिथे भिंत. को-ऑपचं कॅलेंडर.
कुणी येत नव्हतं.
मी पुढची चकती कापली.